तुमच्या ऑनलाइन दुकानातला ‘शोध’ आणि कॅशे

गिऱ्हाईक शोधाच्या चौकटीत ‘पैठणी’ टाईप करतं, तेव्हा आमचा सर्व्हर सूचीतून जुळणारा माल काढतो, त्याचा क्रम लावतो आणि बाजूचे रंग-किमतीचे फिल्टर मोजतो. दोन मिनिटांनी दुसऱ्याने तोच शब्द टाकला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. हा खटाटोप वाचावा म्हणून एकदा काढलेला निकाल आम्ही सर्व्हरच्या मेमरीत ठेवतो. हाच कॅशे.

लोक तेच तेच शोधतात म्हणून हे जमतं. मोजके शब्द दिवसभर येत राहतात, बाकीचे असंख्य एखाद-दुसऱ्या वेळी. गूगलवरसुद्धा रोजच्या शोधांपैकी पूर्वी कधीच न आलेले सुमारे १५ टक्केच असतात, असं ती कंपनीच सांगत आली आहे. मेमरी मर्यादित असल्यामुळे बराच काळ कोणी न मागितलेला निकाल आधी बाहेर काढला जातो.

मराठीत एक खास अडचण येते. ‘हिऱ्याची नथ’मधला ‘ऱ्या’ काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन लिहितात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारी जोडखूण लावून. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. म्हणून निकाल साठवण्याआधी आम्ही अशी रूपं आणि जास्तीच्या मोकळ्या जागा एकसारख्या करून घेतो. नाहीतर एकाच शोधाचे दोन-तीन निकाल मेमरी अडवून बसतात.

संपलेला माल दिसत राहील का?

सगळे दुकानदार पहिल्यांदा हेच विचारतात, आणि विचारायलाच हवं. कॅशेत आम्ही फक्त मालाचे कोड आणि त्यांचा क्रम ठेवतो. किंमत आणि शिल्लक नग पान उघडताना ताजेच वाचले जातात. त्यामुळे जुनी किंमत दिसणार नाही, मात्र नवा माल शोधात यायला पाच मिनिटं लागू शकतात. ‘काही सापडलं नाही’ हा निकाल एका मिनिटापेक्षा जास्त ठेवत नाही.

मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये पूर्वी अशी सोय आयतीच होती. पण तक्त्यातली एक नोंद बदलली तरी त्या तक्त्यावरचे सगळे साठवलेले निकाल बाद व्हायचे. २०१८ साली आलेल्या ८.० आवृत्तीतून ती काढूनच टाकली. दिवसभर स्टॉक हलणाऱ्या दुकानाला तिचा तसाही फार उपयोग नव्हता.

तुमच्याकडून दोन गोष्टी

अख्खी दरपत्रकाची फाइल रात्री चढवा. ती चढली की कॅशे पूर्ण रिकामा होतो. दिवाळीच्या आठवड्यात भर दुपारी हे झालं, तर सगळा भार एकदम सर्व्हरवर येतो. एकच शब्द शंभर जणांनी एकदम शोधला, तर आम्ही एकालाच आत सोडतो आणि तोच निकाल बाकीच्यांना देतो. पण शंभर वेगळे शब्द आले तर ही युक्ती चालत नाही. रात्री फाइल चढवलीत, तर जास्त चालणारे शब्द आम्ही पहाटेच शोधून ठेवतो.

दुसरं, घाऊक गिऱ्हाइकांना वेगळा माल किंवा वेगळे दर दाखवत असाल, तर काम सुरू करण्याआधी सांगा. त्यांचे निकाल स्वतंत्र ठेवावे लागतात. ‘माझ्या ऑर्डर’मधला शोध तर आम्ही कधीच साठवत नाही.

आणि पहिल्यांदा येणारा शब्दही रेंगाळत असेल, तर कॅशे घेऊ नका. तिथे मूळ सूचीच नीट बांधलेली नसते. आधी ती दुरुस्त करून घ्या.