पत्र्यावरचे घणाचे वळ

गावच्या चक्कीत ज्वारी टाकली की हॉपरमधून सरसर उतरते. त्याच हॉपरमध्ये पीठ भरून पाहा. खालचं तोंड सताड उघडं असलं तरी जागचं हलत नाही. मुठीत दाबलेल्या पिठाचा मुटका होतो, ज्वारीचा होत नाही. चंद्रपूरचा कोळसा, कोरपना-राजुऱ्याकडचा चुनखडक, भंडाऱ्याचं मँगनीज जिथे साठवतात त्या बंकरांचं, म्हणजे तळाशी तोंड असलेल्या मोठ्या कोठ्यांचं, बरंचसं गणित या मुटक्यात आहे.

उन्हाळ्यात कोरडा कोळसा ज्वारीसारखा वागतो. जुलैत झड लागली की चुरा भिजतो, सोबत मातीही असते, आणि तोच कोळसा पिठाच्या वळणावर जातो. तोंडाशी कमान धरते, वरचा भार दोन्ही भिंतींवर टाकून अधांतरी उभी. नाहीतर मधोमध विहिरीसारखं भोक पडतं. तेवढ्यातला माल उतरतो आणि कडेचा तसाच चिकटून राहतो. कोळसा असा फार दिवस पडून राहिला तर आतल्या आत तापून पेटूही शकतो.

‘वरून आणखी टाका, भाराने येईल खाली,’ असं अशा वेळी हमखास ऐकू येतं. पाण्याच्या टाकीत ते खरं ठरलं असतं. धान्याच्या कोठीत मात्र ठरावीक खोलीनंतर तळावरचा दाब जवळजवळ वाढतच नाही, कारण वरचं बरंचसं वजन घर्षणामुळे भिंतीच पेलतात. जर्मन अभियंता यान्सेन यांनी हे १८९५ मध्ये मांडलं. वरून आदळणाऱ्या मालाने ओला चुरा उलट जास्तच घट्ट बसतो.

मग बंकर बांधायचा कसा? अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात अँड्र्यू जेनिके यांनी १९६४ च्या सुमारास याची रीत घालून दिली: आधी माल मोजा, मग बंकर आखा. नमुना एका गोल कड्यात (रिंगमध्ये) दाबून भरायचा आणि आडवा सरकवायला किती जोर लागतो ते पाहायचं. तसाच तो भिंतीच्या पत्र्यावरूनही सरकवायचा. त्यावरून उतार किती उभा हवा आणि तोंड किती मोठं हवं, ते निघतं. दोन्ही जमलं की सगळा माल एकसाथ खाली सरकतो. गोल तोंडाऐवजी लांबट फट ठेवली तर तिची रुंदी गोल तोंडाच्या व्यासाच्या साधारण निम्मी असली तरी भागतं; फक्त लांबी रुंदीच्या तिप्पट तरी हवी. माझा आग्रह एकच: नमुना मे महिन्यातला नको, श्रावणातला घ्या.

एका जुन्या बंकराच्या खालच्या शंकूवर मी हात फिरवला होता. कंबरेच्या उंचीवर पत्रा घणाच्या वळांनी भरलेला; अडकलेला माल सुटावा म्हणून बाहेरून घातलेले घाव ते. बाहेरून खळगा पडला की आत उंचवटा येतो, आणि पुढच्या पावसात माल नेमका तिथेच अडकतो. मग पुन्हा घण. घणानेही भागलं नाही की कुणीतरी सब्बल घेऊन आत उतरतो, आणि कमान फुटली तर टनावारी माल त्याच्या अंगावर येतो. ते उतरणं आधी बंद व्हायला हवं. त्या शंकूला आतून गुळगुळीत स्टेनलेस स्टीलचं अस्तर बसवणं आणि तोंड रुंद करून घेणं, ही कामं पावसाळ्याआधी होऊ शकतात.