राणीछाप चांदीचा रुपया : अस्सल आणि बनावट

ब्रिटिश अमलातील चांदीचा रुपया पारखताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात : धातू चांदी आहे का, आणि नाणे सरकारी टांकसाळीत पडले आहे का. जुन्या सराफाला पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुरे असे. आजच्या संग्राहकाची गाठ दुसऱ्याशी पडते, कारण चांगल्या चांदीत पाडलेली बनावट नाणीही बाजारात आहेत आणि वजन, आवाज, कस या तिन्ही परीक्षांत ती पास होतात.

१८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात एकाच प्रमाणाचा रुपया आला. त्याआधी सुरती, अंकुशी, चांदवडी असे नाना रुपये चालत आणि सराफ त्यांवर कमीअधिक बट्टा घेत. नव्या रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, बारापैकी अकरा भाग चांदी, एक भाग तांबे, व्यास सुमारे ३०.५ मिलिमीटर. चौथ्या विल्यमपासून सहाव्या जॉर्जच्या १९३९ च्या नाण्यापर्यंत वजन आणि कस हाच राहिला. रुपयाभार म्हणजे एक तोळा, त्यामुळे पारड्यात वजन म्हणून रुपयाच टाकला जाई. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि नकलेला आळा घालण्यासाठी दातेरी काठाच्या मधोमध नक्षीची खाच आली. १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा. तो लोहचुंबकाला चिकटतो म्हणून खोटा ठरवणारे भेटतात. उलट तो चिकटला नाही तरच शंका घ्यावी.

रुपया फरशीवर टाकून आवाज ऐकण्याची रीत जुनी आहे. चांदीचा नाद बारीक आणि लांबणारा, शिशाकथलाचा बद्द. पण चीर गेलेला अस्सल रुपयाही बद्द वाजतो, म्हणून निकाल आवाजावर सोपवू नये. घरी करता येण्याजोगी त्याहून भरवशाची परीक्षा पाण्याची. नाणे आधी कोरडे तोलावे. मग इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि नाणे दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असे धरावे. ११.६६ ग्रॅमचा जुना रुपया काट्यावर सुमारे १.१३ ग्रॅम दाखवतो, निम्म्या चांदीचा १.२२ च्या आसपास. जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे, तेवढ्याच वजनाचे नाणे १.३५ पर्यंत जाते. नावात सिल्व्हर असले तरी त्यात चांदी औषधालाही नसते. झिजलेला रुपया ११.३ ग्रॅमपर्यंत उतरलेला असू शकतो. मग पाण्यातला आकडाही त्या प्रमाणात कमी येतो. सराफी पेढीवरचे कस मोजणारे यंत्र, कॅरेट मीटर, वरच्या थरापुरतेच वाचते, जाड मुलामा त्याला चकवतो. कानशीने घासून किंवा तेजाबाचा थेंब टाकून पाहिले तर उत्तर मिळते, पण नाण्याची किंमत जाते.

ओतीव नकल भिंगाखाली लवकर उघडी पडते. सपाट भागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत, काठावर साच्याची रेघ किंवा ती घालवताना मारलेली कानस, आणि दाते कुठे खोल तर कुठे पुसट. छाप्याखाली दाबून पाडलेल्या नाण्यात अक्षर पृष्ठभागातून ताठ उठते. राजाचे डोके वर ठेवून नाणे उभ्या अक्षावर फिरवले की मागची बाजूही सुलटीच दिसली पाहिजे.

पाचव्या जॉर्जच्या रुपयावर भिंग थेट छातीवरच्या साखळीकडे न्यावे. तिथे एक चिमुकला हत्ती आहे. १९११ च्या नाण्यात त्याची सोंड इतकी आखूड पडली की तो डुकरासारखा दिसू लागला. मुसलमान प्रजेकडून ओरड झाली, नाणी मागे घेतली गेली आणि १९१२ पासून सोंड नीट आली. ओतीव नकलेत हत्ती कुठल्याही सनाचा असो, त्याचा नुसता गोळा होतो. याच राजाच्या रुपयावर मागच्या बाजूस खालच्या कमळाशी बारीक उठावाचा ठिपका असेल तर तो मुंबईच्या टांकसाळीचा. कलकत्त्याने अशी खूण ठेवली नाही.

सन आणि मजकूर यांचा मेळ पाहणे सर्वांत स्वस्त, आणि लोक नेमके तेच टाळतात. व्हिक्टोरियाचे रुपये बरीच वर्षे १८४० या सनानेच निघत राहिले, नंतर १८६२ या सनाने. मुंबईने पुढची वर्षे ठिपक्यांनी दाखवली. चालू वर्षाचा सन पुन्हा येतो तो १८७४ पासून. म्हणजे १८५७ सनाचा चलनी रुपया मुळात नाहीच. ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ येते १८७७ च्या नाण्यापासून, तेव्हा १८६२ आणि एम्प्रेस एकत्र दिसले की नाणे बनावट, भिंग खिशात ठेवायला हरकत नाही. उलट विल्यमच्या नावापुढे रोमन चार हा आकडा चार उभ्या रेघांनी लिहिलेला पाहून दचकू नये. तो तसाच आहे. सर्वांत सावध राहावे ते १९३९ च्या रुपयापाशी. तो फक्त मुंबईत पडला, क्वचित मिळतो आणि महाग जातो, म्हणून १९३८ च्या आठाचा नऊ करण्याचे उद्योग होतात. शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन बाकीच्यापेक्षा चकचकीत किंवा खरवडलेली दिसते का, एवढे पाहावे.

गळ्यातल्या माळेतून सुटून आलेले रुपये वेगळ्या जातीचे. काठाला डाखाचा डाग, कडी उपटल्याची खूण, कधी बुजवलेले भोक. ती नाणी टांकसाळीचीच असतात, पण संग्राहक त्यांना चांदीच्या भावापेक्षा फारसे जास्त देत नाही. चिंच-राखेने घासून लखलखीत केलेल्या रुपयाचीही तीच गत. शंभर वर्षांचा काळपट थर गेला की अस्सलपणाचा एक साक्षीदार जातो. दिवाळीत पूजेसाठी विकली जाणारी राणीच्या किंवा जॉर्जच्या छापाची नवी नाणी शुद्ध चांदीची असली तरी सराफी माल आहेत. आणि रामदरबाराचे चित्र, ‘ईस्ट इंडिया कंपनी’ आणि १८१८ असा सन असलेली तीर्थक्षेत्रांतली ‘हाफ आणा’ नाणी कंपनीने कधी पाडलीच नाहीत, मग ती तांब्याची असोत वा चांदीच्या मुलाम्याची.