‘आवश्यक ती सर्व साधने’ : अटकेतल्या बळाची पार्श्वभूमी

अटक कशी करायची हे आपला कायदा स्पर्शापासून सांगू लागतो. पोलिसाने समोरच्याच्या अंगाला हात लावला किंवा त्याला अडवून धरले की अटक झाली. तो शब्दाने वा कृतीने आपणहून ताब्यात आला, तर हात लावायचीही गरज नाही. हे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६. १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४३ झाले आणि गाभा तोच राहिला. पुढच्या उपकलमात गाडी एकदम वेग घेते. माणसाने जोर लावून विरोध केला किंवा अटक चुकवू पाहिली, तर पोलीस ‘आवश्यक ती सर्व साधने’ वापरू शकतात. कोणती साधने, कोणत्या क्रमाने, कुठे थांबायचे, यावर तिथे एक अक्षर नाही. जुन्या संहितेत लगेच पुढचा विषय निघे तो थेट मरणाचा. हात पिरगळणे, काठी, खाली पाडून गुडघा रोवणे, पायावर गोळी, असे जे काही स्पर्श आणि मृत्यू यांच्यामध्ये घडते, ते सगळे ‘आवश्यक’ या एका शब्दात कोंबलेले आहे.

कलम जुने आहे. पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता १८६१ची. नंतर १८७२, १८८२ आणि १८९८ अशी ती पुन्हा पुन्हा लिहिली गेली. १८९८च्या संहितेतही अटकेच्या कलमाचा क्रमांक ४६च होता. फक्त ‘जन्मठेप’ या शब्दाच्या जागी काळ्या पाण्याची शिक्षा होती, ती पन्नाशीच्या दशकातल्या दुरुस्तीने गेली. स्वातंत्र्यानंतर १९७३मध्ये नवी संहिता आली, तिनेही हा मजकूर जवळपास जसाच्या तसा उचलला. यापेक्षा मागे जाण्यात फारसे हशील नाही.

खरी गाठ आहे ती मरणाविषयीच्या उपकलमात. पूर्वीचे ४६(३), आताचे ४३(४). त्याचा आशय असा : ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा मृत्यू घडवून आणण्याचा हक्क या कलमाने मिळत नाही. वाक्य नकारार्थी आहे आणि सगळा घोळ त्या नकारात आहे. एका वाचनानुसार ही निव्वळ मनाई आहे. खिसेकापू पळाला तर त्याला गोळी घालता येणार नाही, इतकेच ती सांगते. दुसरे वाचन म्हणते, मनाई एका गटाला आहे, म्हणजे दुसऱ्या गटाबाबत मुभा आहे. खुनाचा आरोपी पळत असेल तर घाला गोळी. पोलीस ठाण्यापासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत हे दुसरे वाचन इतके रुळले आहे की, कायद्यानेच तो अधिकार दिला आहे असे शिकलेली माणसेही सांगतात. ‘या रस्त्यावर अवजड वाहनांना बंदी’ अशी पाटी असली म्हणून हलक्या वाहनांना वाटेल त्या वेगाने जाता येत नाही. बाकीचे नियम त्यांना असतातच. इथला तो बाकीचा नियम म्हणजे ‘आवश्यक’ हा शब्द. खुनाचा आरोपी असला, तरी त्याला पकडण्यासाठी जीव घेणे आवश्यक होते का, हा प्रश्न शिल्लक राहतोच. शिवाय माणूस मेला की अटक होतच नाही, आणि साधने तर अटकेसाठी दिलेली होती.

दुसरे वाचन शब्दशः धरले तर काय होते तेही पाहण्यासारखे आहे. जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांची यादी आपल्याला वाटते तेवढी रक्तरंजित नाही. जुन्या दंड संहितेचे कलम ४६७, म्हणजे मृत्युपत्र किंवा रोख्यासारख्या दस्तऐवजाची बनावट, तिथे जन्मठेपेची तरतूद आहे. कलम ४०९, सरकारी नोकराने केलेला अपहार, तिथेही आहे. या वाचनाने पळून जाणारा बनावट मृत्युपत्रवाला गोळीच्या टप्प्यात येतो आणि मोबाईल हिसकावून पळणारा येत नाही. मुंबईत आजवर कोणा अपहार करणाऱ्याचा एन्काउंटर झाल्याचे ऐकिवात नाही.

शिवाय ‘आरोप’ लावतो कोण? अटकेच्या क्षणी कलमे लिहिण्याचे काम पोलिसांचेच. खुनाच्या प्रयत्नाचे जुने कलम ३०७ घ्या. त्यात दुखापत झाली असेल तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. झटापटीत पोलिसाच्या कोपराला खरचटले आणि फिर्यादीत ३०७ पडले, की समोरचा माणूस त्या क्षणी यादीत जाऊन बसतो, मग मुळात तो कशासाठीही हवा असो. नुसत्या अटकेला विरोध करण्याचे स्वतंत्र कलम आहे, जुने २२४, आणि त्याची शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. सरकारी नोकरावरच्या हल्ल्याचे कलम ३५३ महाराष्ट्राने २०१८मध्ये दोनवरून पाच वर्षांवर नेले होते. दंड संहितेच्या जागी नवी भारतीय न्याय संहिता आली तशी ती राज्यदुरुस्तीही गेली आणि शिक्षा पुन्हा दोन वर्षांवर आली.

हीच गाठ अमेरिकेत सुटली ती एका पंधरा वर्षांच्या मुलामुळे. ऑक्टोबर १९७४मध्ये मेम्फिस शहरात घरफोडी करून निघालेला, हातात काही नसलेला हा मुलगा कुंपण चढत असताना पोलिसाने त्याच्या डोक्यात मागून गोळी घातली. त्याच्याकडे एक पर्स आणि दहा डॉलर सापडले. पळणाऱ्या गंभीर गुन्हेगारावर गोळी झाडता येते, हा तिथला नियम इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्यातून आलेला. तो जन्मला त्या काळी गंभीर गुन्हे बहुतेक सगळे फाशीचेच होते. १९८५मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पळणाऱ्याकडून गंभीर शारीरिक धोका आहे असे मानायला सबळ कारण नसेल, तर जीवघेणे बळ वापरता येणार नाही. खुद्द इंग्लंडने १९६७मध्येच गुन्ह्यांची ती जुनी वर्गवारी मोडून ‘परिस्थितीनुसार वाजवी बळ’ अशी एकच कसोटी ठेवली होती. आपण तो साचा तसाच ठेवला.

‘पोलिसांनी किमान बळ वापरले’ हे वाक्य आपण प्रेसनोटमध्ये नेहमी वाचतो. हे किमान बळ अटकेच्या कलमात कुठेही नाही. कमीत कमी बळ वापरा आणि कमीत कमी इजा करा, असे स्पष्ट शब्द जुन्या संहितेच्या कलम १३०मध्ये आहेत आणि ते सैन्याला उद्देशून आहेत, बेकायदा जमाव पांगवण्यासाठी बोलावलेल्या सैन्याला. एकट्या माणसाला पकडायला गेलेल्या पोलिसाला तसे कोणी सांगितलेले नाही. त्याच्यासाठी त्याच संहितेचे कलम ४९ होते, पण ते पकडल्यानंतरचे : पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून अधिक जखडू नका. आपल्या वृत्तपत्री मराठीने यात स्वतःची भर घातली ती ‘सौम्य लाठीमार’ या शब्दाची. सौम्य लाठी कशी असते हे पाठीलाच ठाऊक.

शब्दांचाच विषय निघाला आहे तर ‘चकमक’. चकमक म्हणजे मुळात ठिणगी पाडायची गारगोटी. पोलादावर घासल्याशिवाय तिच्यातून ठिणगी निघत नाही. चकमक झडायला दोन बाजू लागतात, हे शब्दातच आहे. इंग्रजीतून आलेल्या ‘एन्काउंटर’चे मुंबईत वेगळेच झाले. वडाळ्यात जानेवारी १९८२मध्ये एका टोळीवाल्यावर झालेल्या गोळीबाराला शहरातला पहिला एन्काउंटर म्हणायची प्रथा आहे. नोव्हेंबर १९९१मध्ये लोखंडवाला संकुलात भरवस्तीत गोळीबार झाला. पुढच्या काही वर्षांत हा शब्द क्रियापद होऊन बसला. चकमक ‘होते’, पण एन्काउंटर ‘केला’ जातो, अमक्याचा, तमक्याने. व्याकरणाने जे कबूल केले ते फिर्यादीत कधी आले नाही. तिथला साचा ठरलेला : गुप्त बातमीदाराकडून खबर मिळाली, सापळा लावला, शरण येण्यास सांगितले, त्याने आमच्या दिशेने गोळीबार केला, आम्ही स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर दिले, दवाखान्यात दाखलपूर्व मयत घोषित. गुन्हा नोंद व्हायचा तो मेलेल्याच्याच नावावर, ३०७ आणि ३५३खाली. आरोपी मयत म्हणून फाईल बंद.

या साच्यात अटकेचे कलम हळूच बाजूला पडते, हे सहसा कोणी सांगत नाही. बचाव असतो तो खासगी बचावाच्या हक्काचा, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६चा. तो हक्क तुम्हाआम्हाला आहे तेवढाच पोलिसाला. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, ही अट त्यालाही लागू आहे. पण सार्वजनिक समर्थन मात्र ‘पळत होता’, ‘विरोध केला’, ‘तसल्याच लायकीचा होता’ याच भाषेत होते.

१९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या सुमारे ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मेली. त्यांच्या खरेपणाला आव्हान देणारी याचिका एका नागरी हक्क संघटनेने उच्च न्यायालयात नेली. तिथला निकाल १९९९मध्ये लागला, आणि सर्वोच्च न्यायालयातला सप्टेंबर २०१४मध्ये. पंधरा वर्षे. त्यातून १६ मार्गदर्शक तत्त्वे मिळाली. खबर मिळाली तर ती लेखी नोंदवा. मृत्यू झाल्यास गुन्हा नोंदवा. तपास सीआयडी किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याचे पथक करील. दंडाधिकारी चौकशी होईल. वापरलेली शस्त्रे तपासणीसाठी जमा करा. आणि घटनेनंतर लगोलग बढती किंवा शौर्यपदक नको. या शेवटच्या कलमावरून आधी काय चालत होते याचा अंदाज येतो.

मधल्या काळात वर्सोव्याचे प्रकरण घडले. नोव्हेंबर २००६मध्ये वाशीतून दिवसाढवळ्या उचललेला माणूस संध्याकाळी वर्सोव्यात ‘चकमकीत’ मेला. वकील असलेल्या त्याच्या भावाने दुपारीच वरिष्ठांना तारा आणि फॅक्स धाडून ठेवले होते, त्यामुळे वेळ कागदावर चढलेली होती. एरवी अशा प्रकरणात पोलिसांची डायरी हेच एकमेव घड्याळ असते. जुलै २०१३मध्ये २१ जण दोषी ठरले, त्यांत १३ पोलीस. तेव्हा सुटलेल्या एका नामांकित अधिकाऱ्याला उच्च न्यायालयाने मार्च २०२४मध्ये जन्मठेप सुनावली.

बेड्यांचा इतिहास याच धाग्यातला आहे, पण तो उलट दिशेने गेला. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्हा न्यायालयाच्या आवारात सकाळी अकराच्या सुमारास एक दृश्य दिसते : हवालदार आणि आरोपी एकमेकांच्या बोटांत बोटे अडकवून, जुने मित्र असावेत तसे चालत येतात. हा स्नेह १९८०च्या एका निकालाचा. दिल्लीतल्या एका कच्च्या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाला तार केली की, आम्हाला ने-आण करताना सर्रास बेड्या घालतात. तेव्हाचे नियम ‘वरच्या दर्जाच्या’ कैद्याला बेडीतून सूट देत. न्यायालयाने तो भेद मोडला आणि सांगितले की बेडी हा अपवाद आहे, कारण लेखी नोंदवा. १९९५मध्ये आसामच्या एका प्रकरणात आणखी पुढे जाऊन दंडाधिकाऱ्याची परवानगी सक्तीची केली. कैद्याची ने-आण करणाऱ्या शिपायाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच : आरोपी पळाला तर निलंबन तुझे, आणि साधन म्हणून तुझी बोटे. यातली अडचण खोटी नाही.

नव्या संहितेच्या ४३(३)ने बेडी पुन्हा कायद्यात आणली. सराईत गुन्हेगार, पूर्वी कोठडीतून पळालेला, तसेच दहशतवाद, संघटित गुन्हेगारी, अमली पदार्थ, खून, बलात्कार, ॲसिडहल्ला अशा गुन्ह्यांतला आरोपी, यांना गुन्ह्याचे स्वरूप आणि गांभीर्य पाहून अटकेच्या वेळी किंवा न्यायालयात नेताना बेडी घालता येते. विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात आर्थिक गुन्हेही होते. संसदीय समितीने ते काढायला सांगितले आणि ते निघाले. १९८०मध्ये मोडलेला ‘वरचा दर्जा’ मागच्या दाराने आत आला, असे कोणी म्हटले तर त्याला खोडून काढणे सोपे नाही.

स्त्रियांच्या अटकेबाबत मात्र कायदा तपशिलात शिरतो. सूर्यास्तानंतर अटक नको, हे आधी नागपूर खंडपीठाने एका प्रकरणात सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २००३मध्ये ते थोडे सैल केले आणि २००५च्या दुरुस्तीने ते संहितेत आले. पुरुष पोलिसाने हात लावायचा नाही, ही पुढची दुरुस्ती.

डिसेंबर २०१९मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी ताब्यात असताना मारले गेले. शस्त्रे हिसकावली, असे पोलिसांचे म्हणणे. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाने २०२२मध्ये ती कथा नाकारली.

मग बदलापूरचे शाळकरी मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचे प्रकरण. २३ सप्टेंबर २०२४ला तळोजा कारागृहातून नेला जात असलेला आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्याने एका अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, असे पोलिसांनी सांगितले. अटक कधीच होऊन गेली होती, म्हणजे कलम ४३चा इथे तसा संबंधच नव्हता. तरीही ‘आवश्यक’ या शब्दाचीच चर्चा झाली. चार पोलिसांना एक माणूस आवरला नाही का, आणि गोळी पायावर न मारता डोक्यात का, असे उच्च न्यायालयाने दोनच दिवसांत विचारले. जानेवारी २०२५मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने गाडीतल्या पाच पोलिसांना मृत्यूस जबाबदार धरले. अहवाल आल्यावरही गुन्हा नोंदवला गेला नाही. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाला विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश द्यावा लागला, तोही मृत्यू झाल्यास गुन्हा नोंदवा हे २०१४मध्येच सांगून झालेले असताना.