जुनी भूमापन उपकरणे : जतन, दुरुस्ती आणि मोल

जमिनीवरची अंतरे, उंची आणि कोन मोजण्यासाठी पूर्वी वापरात असलेली थिओडोलाइट (कोन मोजणारे दुर्बिणीचे यंत्र), डंपी लेव्हल (उंचीतला फरक पाहणारी दुर्बीण), प्रिझमॅटिक कंपास (दिशा वाचण्याचे होकायंत्र), फलकयंत्र (जागेवरच नकाशा काढण्याचे तिवईवरचे टेबल), मोजणीची साखळी ही उपकरणे आज संग्राहक जपतात, दुरुस्त करून घेतात आणि विकतात. बाजारात दिसणारी बहुतेक उपकरणे एकोणिसाव्या शतकातली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली असतात. टोटल स्टेशन हे इलेक्ट्रॉनिक मोजणीयंत्र आणि उपग्रहांवर चालणारी मोजणी आल्यावर सरकारी कार्यालयांतली आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतली पितळी यंत्रे निर्लेखित झाली. त्यांतली पुष्कळशी किलोच्या भावाने भंगारात गेली आणि भट्टीत वितळली. जी वाचली त्यांना आता दुसरा धोका आहे, तो म्हणजे हौसेने केलेली घासपूस.

भारतातली या दुरुस्तीची सर्वांत मोठी गोष्ट १८०८ सालची आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे पायारेषा, म्हणजे पुढच्या सगळ्या गणिताचा आधार असलेले जमिनीवरचे अंतर, मोजून त्रिकोणांच्या जाळ्याने देश मोजणाऱ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. त्याचा मोठा थिओडोलाइट लंडनच्या विल्यम केरीने घडवलेला होता. कोन मोजायची आडवी चकती ३६ इंच व्यासाची आणि एकूण वजन सुमारे अर्धा टन. तंजावरच्या मंदिराच्या शिखरावर तो चढवत असताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि चकती वाकली. लॅम्टनने ते नव्याने मागवून वाट पाहिली नाही. तंबूत बसून पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावत त्याने सुमारे सहा आठवड्यांत चकती पुन्हा गोलाईवर आणली. हेच यंत्र पुढे कित्येक वर्षे कामात राहिले आणि आज देहरादूनला सर्व्हे ऑफ इंडियाकडे आहे. लॅम्टन स्वतः १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात कलकत्त्याला गणिती उपकरणांची कार्यशाळा उभी राहिली. तिथला इंग्रज कारागीर हेन्री बॅरो गेल्यावर अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन यांनी ते काम अंगावर घेतले. वर्तुळावर अंशांच्या रेघा पाडणे हे या धंद्यातले सर्वांत नाजूक काम, तेही त्यांनी केले. त्यांचे नाव एव्हरेस्टइतके लोकांच्या तोंडी नाही, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे. या कार्यशाळेतून गेलेल्या यंत्रांवर ‘एम.आय.ओ.’ (मॅथेमॅटिकल इन्स्ट्रुमेंट ऑफिस) ही अक्षरे आणि एखादा क्रमांक कोरलेला सापडतो. भारतीय संग्राहकाने ही खूण आधी शोधावी. लंडनच्या कारखानदाराचे नाव यंत्र कुठे जन्मले ते सांगते. कलकत्त्याचा क्रमांक ते इथे राबले याचा पुरावा असतो.

कारखानदाराच्या नावावरून काळही बऱ्यापैकी ठरतो. ‘ट्राउटन अँड सिम्स’ ही भागीदारी १८२६ ची. १९२२ मध्ये ती यॉर्कच्या कुक कंपनीत मिळाली, तेव्हा ‘कुक, ट्राउटन अँड सिम्स’ हे नाव त्यानंतरच्याच यंत्रावर असणार. बाणाच्या टोकासारखी छोटी खूण दिसली तर ते ब्रिटिश सरकारच्या मालकीचे होते. स्विस वाइल्ड कंपनीची १९२० च्या दशकापासूनची यंत्रे वेगळ्या जातीची आहेत. त्यांच्या चकत्या काचेच्या आणि बंद पेटीतल्या, म्हणून ती घरी उघडून पाहण्याचा मोह टाळावा.

साफसफाई

पितळ दिसले की आपल्याकडे हात आपोआप चिंचेकडे जातो. देवाची समई आणि घंगाळ घासायला ती रीत चांगली आहे, पण थिओडोलाइटसाठी ती घातक आहे. जुन्या उपकरणाच्या पितळेवर लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पातळ सोनेरी लुकण असते. काही भाग मुद्दाम काळपट-तपकिरी केलेले असतात, कारण उन्हात चमकणारे पितळ निरीक्षकाच्या डोळ्यावर येते. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर किंवा फिरत्या चाकाचे पॉलिश हे लुकण उडवते, कोरीव अक्षरांच्या कडा बोथट करते आणि स्क्रूंच्या खाचा गोल करते. एकदा गेलेला मूळ पृष्ठभाग परत येत नाही. दीडशे वर्षांचे यंत्र आरशासारखे चमकत असेल तर जाणकार गिऱ्हाईक त्याची किंमत कमीच लावते, आणि ते योग्यच आहे.

मग करायचे काय? मऊ ब्रशने धूळ काढायची. चिकट मेण झालेले जुने तेल आणि वंगण केरोसीनच्या ओल्या फडक्याने सावकाश सोडवायचे. स्पिरिट मात्र लाखेला लावायचे नाही, ते तिला विरघळवते. अडलेला स्क्रू जोर लावून फिरवण्याऐवजी तेलाचा थेंब टाकून दोन-तीन दिवस तसाच ठेवावा, आणि पेचकसाचे टोक खाचेइतक्याच रुंदीचे घासून घ्यावे. पेटीतल्या हिरव्या बनातीला टेकलेल्या भागावर कळंक चढलेला असतो. तो लाकडी काडीने खरवडता येतो.

रुपेरी चकतीपाशी आल्यावर हात आणखी हलका हवा. पितळेत बसवलेल्या चांदीच्या पट्टीवर अंश आणि त्यांचे भाग कोरलेले असतात. जेसी रॅम्सडेनने १७७० च्या दशकात लंडनमध्ये वर्तुळ विभागणारे यंत्र तयार केल्यापासून या रेघा इतक्या बारीक झाल्या की त्या भिंगातूनच वाचाव्या लागतात. चांदी काळवंडली म्हणून ती पॉलिशने घासली, तर काळेपणाबरोबर रेघाही उथळ होतात. तेलाचा पुसट हात फिरवून कोरडे पुसले आणि फिकट झालेल्या रेघांत थोडी काजळी भरली, की आकडे पुन्हा उठून दिसतात. जुने कारागीरही हेच करत.

दुर्बिणीतल्या फुलीच्या रेघा पाहाव्यात. जुन्या यंत्रांत त्या कोळ्याच्या जाळ्याचे धागे असतात. धागा काट्यासारख्या दुबेळक्यावर ताणून घेऊन ओला करायचा, मग कड्यावर आधीच आखलेल्या खाचेत बसवून दोन्ही टोकांना लाखेचा ठिपका द्यायचा. वाळताना धागा आखडतो आणि ताठ होतो. या कामात श्वाससुद्धा जपून सोडावा लागतो. तुटलेल्या धाग्याजागी नायलॉन लावले तर तो बदल कागदावर नोंदवून ठेवावा. बुडबुड्याच्या नळीचेही तसेच आहे. तिची आतली बाजू ठरावीक वक्रतेने घासलेली असते. फुटलेल्या नळीच्या जागी गवंड्याच्या पाणसळीची नळी बसवली तर यंत्र दिसायला पुरे होते, मोजायला निकामी. भिंगांवर कोकणच्या दमट हवेत बुरशी धरते, आणि जोडभिंगांना चिकटवणारा कॅनडा बाल्सम हा डिंक सुटला की कडेला इंद्रधनुष्यी डाग येतात. हे काम मात्र भिंगाच्या कारागिराकडेच द्यावे.

नकली माल

मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात ‘लंडन’ कोरलेले पितळी कंपास आणि सेक्स्टंट (जहाजावरचे कोन मोजण्याचे यंत्र) ढिगाने दिसतात. त्यातले बहुसंख्य अलीकडचे, शोभेसाठी भारतातच घडवलेले असतात. शोभेची वस्तू म्हणून त्यात वाईट काही नाही, ती जुनी म्हणून विकणे वाईट. ओळख सोपी आहे. व्हर्निअरचे, म्हणजे मुख्य पट्टीला लागून सरकणाऱ्या छोट्या पट्टीचे, शून्य मुख्य पट्टीवरच्या एखाद्या रेघेशी जुळवावे. खऱ्या यंत्रात व्हर्निअरची शेवटची रेघही दुसऱ्या एका रेघेशी नेमकी जुळते आणि मधल्या रेघा क्रमाने सरकत जातात. नकली मालात रेघा जाड असतात आणि हा मेळ कुठेच बसत नाही. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू दिसला तर यंत्र १९३० च्या आधीचे असणे शक्य नाही, किंवा निदान तो स्क्रू तरी मूळचा नाही.

मोल

किंमत ठरते ती कारखानदार, दुर्मिळता, मूळ पृष्ठभाग आणि पूर्णता यांवर. पेटी, जादा नेत्रिका (डोळ्याकडचे भिंग), सूर्यछत्री, ओळंबा, तिवई आणि झाकणाच्या आत चिकटवलेले दुरुस्तीचे चिठोरे असे सगळे एकत्र असेल तर एकट्या यंत्रापेक्षा भाव पुष्कळ वर जातो. विक्रेता सांगतो तो भाव गृहीत धरू नये. तशीच वस्तू लिलावात प्रत्यक्ष किती रकमेला गेली ते पाहावे. वापराच्या खुणांना घाबरू नये. कुणा मोजणीदाराने पेटीवर रंगाने लिहिलेले तालुक्याचे नाव हा दोष नाही, ते यंत्राचे चरित्र आहे.

दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात विज्ञानाशी संबंधित शंभर वर्षांहून जुन्या वस्तूही येतात. त्या खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. दुसरे म्हणजे, महायुद्धांच्या काळातल्या लष्करी कंपासच्या चमकत्या आकड्यांत बहुधा रेडियम असते. अंधारात ते आता चमकत नसले तरी किरणोत्सर्ग चालूच असतो. असे कंपास उघडू नयेत, घासू तर मुळीच नयेत.

महाराष्ट्रातल्या संग्राहकांनी ज्या वस्तूकडे अजून पुरेसे पाहिलेले नाही ती म्हणजे शंकू साखळी. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी सुरू केलेल्या मोजणीतून मुंबई इलाख्याची जमाबंदी आकाराला आली, आणि पुढे इथली शेते मोजली गेली ती या ३३ फुटी साखळीने. साखळीचे भाग सोळा, त्यांना आणे म्हणतात, आणि लांबी-रुंदी एकेक साखळी म्हणजे एक गुंठा. गुंठ्याचे १०८९ चौरस फूट येतात ते इथूनच. पितळी थिओडोलाइटपुढे ही लोखंडी, गंजलेली साखळी दिवाणखान्यात शोभत नाही, म्हणून ती स्वस्त मिळते. मिळाली तर तिच्या वाकलेल्या कड्या सरळ करू नयेत. गंज थांबवण्यापुरता तेलाचा हात द्यावा, आणि ती कोणत्या गावातून आली हे विकणाऱ्याला ठाऊक असेल तर त्या गावाचे नाव त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून साखळीला बांधून ठेवावे.