गंगावेशीतला दूध कट्टा: म्हैस शहरात टिकली कशी

कोल्हापुरात पिशवीतलं दूध मिळत नाही असं नाही. जिल्हा दूध संघाचं 'गोकुळ' १९६३ पासून आहे, वारणा आहे, कोपऱ्यावरच्या दुकानापुढे पहाटेच क्रेट येऊन पडतात. तरीही संध्याकाळी गंगावेशीत रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, शेजारी चरवी घेऊन गवळी, आणि भोवती किटल्या घेतलेले गिऱ्हाईक. धार समोर काढायची, तिथंच मापायची, तिथंच प्यायची नाहीतर घरी न्यायची. हा दूध कट्टा. परगावचा माणूस मोबाईल काढून फोटो घेतो. पेठेतल्या माणसाला दूध घेऊन घरी जायची घाई असते.

कट्ट्याचा विषय निघाला की पहिलं नाव शाहू महाराजांचं येतं, आणि ते उगाच नाही. १८९४ मध्ये राज्यकारभार हाती आल्यावर त्यांनी कुस्तीला जो आश्रय दिला, त्याने शहराचा दिनक्रमच बदलला. पेठापेठांत तालमी गजबजल्या, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान तयार झालं, आणि लाल मातीत घाम गाळणाऱ्या पोरांच्या खुराकाचा प्रश्न आला. दूध, तूप, बदामाची थंडाई. त्यात धारोष्ण दुधाला मान मोठा. तालमीजवळच म्हैस आणून उभी केली तर गवळ्याची पायपीट वाचते आणि पैलवानाला ताजं दूध मिळतं. गंगावेस तालीम याच भागातली.

पण नुसत्या राजाश्रयावर धंदा एवढा टिकत नाही. महाराज १९२२ मध्ये गेले, संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं, कुस्तीची जुनी रया उरली नाही. म्हशी मात्र उभ्याच. मला विचाराल तर यातलं निम्मं श्रेय म्हशीचंच आहे.

कट्ट्याची खरी मानकरी पंढरपुरी म्हैस. सोलापूर, सांगली, कोल्हापूर हा तिचा मुलूख. शिंगं तलवारीसारखी लांब, मागे वळून खांद्याच्याही पलीकडे गेलेली. अंगाने आटोपशीर, दुधाला बेताची, पण स्वभावाने हुकमी. एरवी म्हशीचं दूध काढणं नाजूक काम. रेडकू लुचल्याशिवाय, ओळखीचा हात लागल्याशिवाय ती पान्हवत नाही; गोंगाट झाला, बुजली, की पान्हा चोरते. शिवाय पान्ह्याचा असर जेमतेम काही मिनिटांचा. म्हणजे एका गिऱ्हाइकाला अर्धा लिटर देऊन थांबायचं आणि जरा वेळाने दुसऱ्यासाठी पुन्हा खाली बसायचं, हे सगळ्याच जनावरांना मानवत नाही. पंढरपुरी म्हैस मालकाचा हात आणि आवाज ओळखून, दिवसातून अनेक वेळा, रेडकू जवळ नसतानाही दूध देते, आणि तेही भर रस्त्यात. गवळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या असंच जनावर निवडलं आणि असंच शिकवलं.

कट्ट्यावर थोडा वेळ उभं राहा. गवळी सडावर पाण्याचा हात फिरवतो, उकिडवा बसतो, चरवी गुडघ्यांत धरतो. धारेचा आवाज आधी पत्र्यावर टणटण येतो, मग दुधात दुधाचा, जाड. बघता बघता वर फेस चढतो आणि वाद तिथेच सुरू होतो.

"मामा, फेस बसू दे की जरा!"

"बसतोय की. पळून चाललाय व्हय?"

मापात दूध किती आणि फेस किती, एवढीच काय ती फसवणुकीची जागा. पाणी घालायला वावच नाही. रतीब घालणाऱ्याच्या किटलीत आधी पाणी होतं की दूध, ही शंका घराघरांत जुनी. इथं ती मिटते, म्हणून चार पैसे जास्त गेले तरी लोक येतात. फ्रीज नसलेल्या काळात नासण्याचा प्रश्नही असाच सुटत होता. निरसं दूध तापवल्याशिवाय पिऊ नये, त्यातून क्षय आणि ब्रुसेलोसिससारखे आजार येतात, हे डॉक्टर सांगतात आणि ते बरोबरच आहे. कट्ट्यावरच ग्लास रिकामा करणारे मात्र ऐकत नाहीत.

मुंबईने नेमकी उलटी वाट धरली. १९४९ मध्ये आरे वसाहत सुरू झाली ती शहरातले तबेले बाहेर काढण्यासाठी. दूध तिथून बाटलीत आलं, पुढे पिशवीत, आणि म्हैस नजरेआड गेली. कोल्हापूर लहान, पंचगंगेपलीकडे लगेच शेती आणि वैरण, त्यामुळे म्हशीला शहराबाहेर घालवायची एवढी निकड इथं कधी लागली नाही.

दिवाळीच्या पाडव्याला तर म्हशींचाच दिवस. शिंगं रंगतात, गोंडे आणि मोरपिसं चढतात, आणि सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलच्या मागे म्हैस मालकाच्या हाकेवर धावते. त्या कानठळ्या पचवलेल्या जनावराला वडापवाल्याच्या हॉर्नचं काय कौतुक!

अडचण हॉर्नची नाही, जागेची आणि पेंडीची आहे. जुनं घर पाडून अपार्टमेंट बांधायचं ठरलं की परड्यातला गोठा आधी जातो. सरकी पेंड महागली की कट्ट्यावरचा दरही वाढवावा लागतो, आणि मग गिऱ्हाईक पिशवीचा दर सांगायला लागतं.