कपड्यांच्या ॲपला तुमचं माप कसं कळलं?

सांगलीच्या कापड पेठेत गिऱ्हाइकाची आवड लक्षात ठेवणं हा धंद्याचाच भाग. कुणाला कुठले काठ लागतात, कुणाच्या घरी यंदा कार्य आहे, हे गादीवरच्या माणसाला तोंडपाठ. छाती, कंबर, मुंढा, बाही हे मात्र शिंप्याच्या वहीत. म्हणजे माहिती होती, पण विखुरलेली. ॲपने ती एका मोबाइल नंबरखाली गोळा केली आणि खरा फरक तिथे पडला.

१९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मॉन्टुली यांनी ‘कुकी’ तयार केली, म्हणजे वेबसाइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. आधी येऊन गेलेला ब्राउझर वेबसाइटला पुन्हा ओळखता यावा, एवढाच हेतू. पुढे जाहिरात कंपन्यांनी आपल्या कुकी असंख्य साइटवर बसवल्या आणि माणसाच्या फिरण्याचा माग लागू लागला. १९९८ मध्ये ॲमेझॉनने वस्तू सुचवण्याच्या वेगळ्याच पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला: माणसांची तुलना करत बसण्याऐवजी कोणती वस्तू कोणत्या वस्तूबरोबर घेतली जाते ते मोजायचं.

पुस्तकांना ही पद्धत चपखल बसली, कपड्यांना अपुरी पडली. पुस्तक वर्षानुवर्षं विकलं जातं. कुर्तीचा लॉट काही आठवड्यांत संपतो, आणि नव्या डिझाइनमागे खरेदीची नोंदच नसते. त्यातही पाच साइज, चार रंग, त्यामुळे असलेल्या नोंदीही विरळ होतात. २०१२ नंतर फोटो ओळखणारी न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारे संगणक प्रोग्राम) सुधारली, तेव्हा गळा, बाही, छापा थेट फोटोवरून आकड्यांत उतरवता आला. कपडा असा वाचता आला; गिऱ्हाईक वाचायला त्याच्या बारीकसारीक हालचाली लागतात. कोणत्या फोटोवर बोट थांबलं, काय झूम केलं, काय विशलिस्टमध्ये टाकलं, काय परत केलं.

परताव्याचं कारण यात सर्वांत मोलाचं. ‘छातीत घट्ट’ असं निवडलं की ते जवळपास मापच दिल्यासारखं होतं. काही महिन्यांत ‘एम’वरून ‘एक्सएल’, मग फीडिंग कुर्ती, मग लहान मुलाची झबली: यातलं काहीही कुणी कंपनीला सांगायला गेलेलं नसतं, तरी घरातली बातमी त्यातून वाचता येते. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची.

भारतात कपडे विकणारी मिंत्रा कंपनी मे २०१५ मध्ये वेबसाइट बंद करून केवळ ॲपवर गेली आणि जून २०१६ मध्ये संगणकावरची साइट पुन्हा सुरू केली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि विटा, कराड, जतपर्यंत ॲपची खरेदी पोचली. इकडे अनेक घरांत एकाच फोनवरून सासूची साडी, सुनेची कुर्ती आणि मुलाचा गणवेश मागवला जातो. शिफारशी त्यामुळे गोंधळतात, आणि वाईट म्हणजे एकीने गुपचूप पाहिलेली वस्तू दुसरीला पहिल्याच पानावर दिसते.

कायद्याची वाट लांबची. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्यातल्या मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत दिली गेली. संमतीची सूचना मराठीतून मागता येईल, संमती देण्याइतकंच ती काढून घेणं सोपं असलं पाहिजे, १८ वर्षांखालच्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवता येणार नाहीत. दोन कोटी किंवा जास्त नोंदणीकृत ग्राहक असलेल्या ई-कॉमर्स कंपनीने तीन वर्षं न फिरकलेल्या ग्राहकाचा डेटा पुसायचा, त्याआधी किमान ४८ तास कळवायचं. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.

तोवर हाताशी जे आहे ते करावं. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, गूगल, जाहिराती असं जाऊन जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातदार ज्यावरून फोन ओळखतात तो क्रमांक, हटवता येतो (मॉडेलनुसार पायऱ्या थोड्या बदलतात). मात्र ॲपमधल्या शिफारशी त्याने थांबत नाहीत, कारण त्या लॉगिनच्या नंबरला जोडलेल्या असतात. ॲप काढून टाकल्यानेही सर्व्हरवरच्या नोंदी जात नाहीत. आधी ॲपमधूनच खातं हटवावं लागतं, मग ॲप काढायचं. संपर्क आणि लोकेशनची परवानगी बंद केली तरी पिनकोड टाकून पार्सल व्यवस्थित घरी येतं.