मॉक इंटरव्ह्यूला यायच्या आधी हे वाचून या : परदेशात इंग्लिश शिकवायला जाणाऱ्यांसाठी

मॉक इंटरव्ह्यू, म्हणजे खऱ्या इंटरव्ह्यूची रंगीत तालीम, आम्ही घेतो, आणि फोनवर आणि व्हॉट्सॲपवर आम्हाला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते म्हणजे, "मॅडम, इंटरव्ह्यूच्या प्रश्नोत्तरांची पीडीएफ मिळेल का?" नाही मिळणार. लपवण्यासारखं त्यात काही नाही, प्रश्न सगळ्यांना माहितीच असतात, स्वतःबद्दल सांगा, आमचाच देश का, दंगा करणारा वर्ग कसा सांभाळाल वगैरे, पण पाठ केलेलं उत्तर समोरच्याला दुसऱ्याच वाक्यात कळतं आणि तसंही बहुतेक ठिकाणी नोकरी या उत्तरांवर ठरत नाही. थायलंड असो, व्हिएतनाम असो नाहीतर दुबईची शाळा, खरा कस लागतो डेमोमध्ये, म्हणजे नमुन्याच्या पाठात. दहा-पंधरा मिनिटांचा पाठ, कधी झूमवर इंटरव्ह्यू घेणारेच विद्यार्थी होऊन बसतात, कधी व्हिडिओ मागवतात. आपली मंडळी अडकतात ती इथेच.

होतं काय, तर विषय येतो प्रेझेंट परफेक्ट. उमेदवार स्लाइड लावतो, हेतुकथन करतो, मग व्याख्या, मग रचना, मग होकारार्थी-नकारार्थी-प्रश्नार्थी असा तक्ता, मग पाच उदाहरणं, शेवटी "अंडरस्टूड?" आणि वेळ संपते. एवढ्या वेळात विद्यार्थी काय बोलला, तर "येस टीचर". ज्यांचं बी.एड. झालंय, ज्यांना पाठ टाचण काढायची सवय आहे, त्यांच्याकडून हे जास्त होतं, कारण त्यांना वाटतं शिकवणं तर आपल्याला येतंच. येतं, प्रश्नच नाही. पण तिकडच्या शाळेला नियम सांगणारा माणूस नकोय, तो त्यांच्या स्थानिक शिक्षकांकडे आहे आणि मुलांच्या भाषेत तो जास्त चांगलं सांगतो. तुम्हाला बोलावतायत ते मुलांना बोलतं करायला. म्हणून ते घड्याळ लावून बघतात की शिक्षक किती वेळ बोलला, याला टीचर टॉकिंग टाइम म्हणतात, सीव्हीवर टेफल (परक्या भाषेच्या मुलांना इंग्लिश शिकवण्याचा कोर्स) लिहिलं असेल तर हा शब्द विचारलाच जाईल.

मग करायचं काय? तोच विषय घ्या. एका मुलीचा फोटो दाखवा, खाली लिहा, २०२२ मध्ये बँकॉकला आली. विचारा, कधी आली? आता कुठे राहते? अजून तिथेच आहे ना? उत्तरं त्यांच्याकडून काढून घ्या आणि मग "शी हॅज लिव्ड इन बँकॉक सिन्स २०२२" हे वाक्य द्या, सगळ्यांकडून दोनदा म्हणून घ्या, एकेकाला स्वतःबद्दल तसंच वाक्य करायला सांगा. २०२२ पासून आजपर्यंतची काळाची रेषा काढून दाखवली तर उत्तमच. नियम हवाच असेल तर शेवटी, एका ओळीत. आणि "समजलं का" हा प्रश्न डेमोत अजिबात नको, त्याचं उत्तर जगात सगळीकडे "हो" असंच येतं. त्याऐवजी, "आज ती बँकॉकमध्ये राहते की नाही?" हे विचारा, ज्याला कळलं नाही तो लगेच सापडतो. सूचनाही तशाच, छोट्या द्यायच्या, एकदा करून दाखवायचं, एखाद्याला परत सांगायला लावायचं. बालवर्गाची जागा असेल तर खुर्चीत बसून डेमो देऊ नका, खरं केळं, खरी छत्री हातात घ्या, उड्या मारा, लाजू नका.

"बाकीकडे एका बैठकीत तयारी होते, तुमच्याकडे दोन का?" असंही विचारतात. पहिल्या बैठकीत आम्ही तुमचा डेमो रेकॉर्ड करतो आणि तुमच्यासमोरच बघतो, स्वतःचं बोलणं किती लांबलंय हे पडद्यावर दिसल्याशिवाय कोणाला पटत नाही, मग घरी जाऊन पाठ बदलायचा आणि दुसऱ्यांदा द्यायचा. एका बैठकीत नुसता सल्ला होतो, सवय काही मोडत नाही. इंग्लिश शिकवणाऱ्यांसाठीच्या कॅम्ब्रिजच्या सेल्टा कोर्समध्ये सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं ते याचसाठी. नुसता १२० तासांचा ऑनलाइन टेफल केला असेल तर "प्रत्यक्ष किती शिकवलंय?" हा प्रश्न येणारच, त्याचं खरं उत्तर तयार ठेवा, क्लासमध्ये शिकवलं असेल तर तेही धरा.

दुसरी भीती असते ती "नेटिव्ह स्पीकर नाही" याची. काही जाहिरातींत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, तिथे अर्ज करून वेळ घालवू नका. जिथे आपल्याला घेतात तिथे मात्र अपराधी चेहरा करू नका. मराठी मीडियममधून शिकून इंग्लिश कमावलेल्या माणसाला विद्यार्थी कुठे अडतो ते आतून माहीत असतं, हे एका उदाहरणासकट सांगा. अमेरिकन ॲक्सेंट आणायला जाऊ नका, हास्यास्पद होतं, फक्त 'वाइन' (wine) आणि 'व्हाइन' (vine) आपण सारखेच म्हणतो तेवढं सुधारून घ्या. थायलंडमध्ये बऱ्याच शाळा आपल्याकडून टोईक या इंग्लिशच्या परीक्षेचा ६०० च्या वरचा स्कोअर मागतात, तो दोनच वर्षं चालतो, तारीख बघून ठेवा.

वेळेचा घोळ दर महिन्याला कोणीतरी घालतंच. बँकॉक आणि हनोई आपल्यापेक्षा दीड तास पुढे, त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले साडेसात. दुबई दीड तास मागे.

शेवटी "काही विचारायचंय?" म्हटलं की पगारावर उडी नको. आठवड्याला किती तास, वर्गात मुलं किती, आणि थायलंड असेल तर नॉन-इमिग्रंट बी व्हिसा (नोकरीसाठी लागणारा) आणि वर्क परमिट कोण काढून देणार, हे विचारा. "आधी टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू" असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. नोकरी लावून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही, तो आमचा धंदा नाही, कुणी मागत असेल तर तो एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते आधी बघा. डिग्रीचं अटेस्टेशन, म्हणजे ती खरी असल्याचं सरकारी प्रमाणीकरण, आम्ही करत नाही, पण ते लवकर सुरू करा, वेळ खातं.

मॉकच्या दोन दिवस आधी तीन गोष्टी पाठवा : नोकरीची जाहिरात, मुलांचा वयोगट आणि एक पानाचा पाठ. नुसता सीव्ही टाकून "कसा वाटतो" विचारू नका, त्यावरून डेमोबद्दल काहीच कळत नाही. थायलंडचं शाळेचं वर्ष मे महिन्यात सुरू होतं, त्यामुळे मार्च-एप्रिलचे रविवार आमच्याकडे आधीच भरतात. शाळेत नोकरी करणाऱ्यांसाठी रात्री आठनंतरची वेळ ठेवली आहे, ती सहसा मिळते.